माझ्या अक्षरातली सूचना

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला जगाची फार काळजी लागून राहिली आहे. सकाळचा चहा झाला की मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसतो आणि आमच्या पिंपळवंडी गावाच्या ग्रुपवर एखादं टिपण टाकतो. युक्रेन, गाझा, अमेरिकेतली निवडणूक, धर्माच्या नावाने चाललेलं राजकारण. कुणीतरी 'सर, आज लई भारी लिहिलं' म्हणतं आणि माझा दिवस बरा जातो.

दोन वर्षांपूर्वी यात्रेआधी देवळात मिटिंग होती. त्या सकाळी मी गाझाबद्दल लिहिलं होतं. मोठे देश गप्प बसले आहेत आणि गप्प बसणं हाही निर्णयच असतो, असं काहीसं. मिटिंगला आलेल्या दोघातिघांनी त्याचं कौतुक केलं. मग मंडप, पालखी, कुस्त्या असे विषय झाले. शेवटी माझा एक जुना विद्यार्थी, आता पस्तिशीचा बागायतदार, उठला आणि म्हणाला की यंदा यात्रेत फक्त आपल्या धर्माच्या लोकांचीच दुकानं लागू द्यायची. आवाज चढवला नाही. मंडपाबद्दल बोलावं तसंच बोलला.

चारसहा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी चष्मा काढून पुसत बसलो. कुणीच काही म्हणालं नाही आणि विषय मंजूर झाला. मग तो बागायतदार माझ्याजवळ आला.

"सर, फळ्यावर तुमीच लिहा. आमच्या शब्दांत वंगाळ दिसंल."

देवळाबाहेरच्या फळ्यावर दर सोमवारी सुविचार लिहिण्याचं काम माझ्याकडेच आहे. त्याने सांगितलेलं वाक्य उघड होतं, त्यात धर्माचं नाव होतं. मी ते बदललं. 'यात्रेची परंपरा व गावातील सलोखा लक्षात घेता बाहेरील विक्रेत्यांनी दुकाने लावू नयेत.' सलोखा हा शब्द माझा. त्याला वाक्य फार आवडलं. घरी येताना, निदान आपण ते सौम्य तरी केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

माझे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वाटेतल्या गावांत त्यांना 'बाहेरचे' म्हणून विहिरीपासून लांब थांबवत, हे वडिलांनी कितीदा सांगितलेलं. वर्गात मुलांना मी ते दरवर्षी ऐकवायचो. खडू हातात होता तेव्हा मात्र ते माझ्या मनातही आलं नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी भाभी आली. ओतूरची बांगडीवाली, मुसलमान, साठीच्या पुढची. देवळाच्या कोपऱ्यावर तीस वर्षं तिची पथारी असायची. माझ्या मुलीच्या लग्नात हिरवा चुडा तिनेच भरला. भरताना एक बांगडी गेली आणि मुलगी 'फुटली' म्हणाली, तेव्हा भाभीने तिला हळूच दटावलं होतं, 'फुटली न्हाई म्हनायचं बाई, वाढवली म्हनायचं.'

आता ती पेटी खाली ठेवून फळ्यासमोर उभी होती. तिला वाचता येत नाही.

"सर, पोरं म्हनली, बसू नका. ह्याच्यात लिव्हलंय म्हनं. काय लिव्हलंय?"

मी तिला वाक्य म्हणून दाखवलं.

"मग ह्याच्यात आमी आलो का?"

हो म्हणायला हवं होतं. किंवा, तुम्ही बसा, मी बघतो, असं तरी. मी म्हणालो, "मला कल्पना नाही. मी मिटिंगला नव्हतो. कमिटीला विचारा."

तिने मान हलवली. कमिटीकडे ती गेली नाही. मी तिची पेटी उचलून थांब्यापर्यंत नेली, एसटीत चढवून दिली. "बरं झालं तुमी भेटला," असं ती म्हणाली, आणि मला खरंच बरं वाटलं.

महिन्याभराने मुलीच्या डोहाळजेवणासाठी बांगड्या आणायला बायको ओतूरला भाभीच्या दुकानी गेली. परत आल्यावर तिने सांगितलं. भाभीने यात्रेचा विषयही काढला नव्हता. पण भाभीच्या मुलीने, तीही माझीच विद्यार्थिनी, मोबाइलवर फळ्याचा फोटो दाखवला होता. आई सांगते सर मिटिंगला नव्हते, पण हे अक्षर सरांचंच ना, असं तिने विचारलं. बायकोने हो म्हटलं.

"लिहिलं ते लिहिलं," बायको मला म्हणाली, "पण तिच्याशी खोटं का बोललात?"

आठ दिवस कसेबसे काढून मी ओतूरला गेलो. भाभी एका गिऱ्हाइकाचा हात धरून बसली होती. तिने मला स्टूल दाखवलं. मी उभ्यानेच सांगितलं की ती सूचना मीच लिहिली आणि मिटिंगलाही मी होतो.

तिने तो हात पुरा भरला. बाई गेल्यावर म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं, सर. वाचून दाखवताना तुमी फळ्याकडं बघितलंच न्हाई."

मग उरलेल्या बांगड्या आवरता आवरता, "पोरीला मीच म्हनलं, सर नव्हते. तुमच्या हाताखाली शिकली ती. तिला कशाला वाईट वाटाया पायजे."

तिने चहा मागवला. मी तो प्यालो, कारण नको म्हणण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

गेल्या वर्षीच्या मिटिंगला मी उभा राहिलो. आयुष्यभर फळ्यासमोर बोललेला माणूस मी, पण ती सूचना चुकीची होती, ती मागे घेऊ, ही माणसं बाहेरची नाहीत, एवढंच बोलता आलं. भांडण झालं नाही. एका म्हाताऱ्याने मला दुजोरा दिला. बागायतदार म्हणाला, "सर, तुमचा मान हाय, पर गावानं ठरवलंय." फळ्यावर या वेळी त्यानेच लिहिलं, धर्माचं नाव घालून. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या आणि मजकुराआधी मला त्या दिसल्या, याचीही लाज वाटली.

भाभी आता यात्रेला येत नाही. बायको बांगड्यांसाठी ओतूरला जाते, तेव्हा मी सोबत असतो, पण स्टँडवरच थांबतो. ती दुकानातून परत येईपर्यंत मोबाइल उघडून जगातल्या बातम्या वाचत बसतो.