सगळ्यात हळू चालणारी पुढे

इंदूताई पिशवी करंगळीला अडकवून उचलायच्या. सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्या आमच्या कॉलनीत घरोघर फिरायच्या आणि प्रत्येकीची भरलेली पिशवी उचलून बघायच्या. करंगळीला पेलली तर पास. नाही पेलली तर तिथेच पलंगावर पालथी. पहिल्या वर्षी माझ्या पिशवीतून काय काय निघालं म्हणता? स्टीलचा चारपुडी डबा, लोणच्याची काचेची बरणी, दोन चादरी आणि वर पापडांचा डबा. "अगं, धबधब्याला चाललीस की नांदायला?" त्या म्हणाल्या. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. सासूबाईंसमोर हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

इंदूताई नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि आमच्या अगदी शेजारी राहायच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हे वेड काढलं. गणपती उठले की पहिल्या रविवारी कॉलनीतल्या बायकांनी एसटीने पेठकडे जायचं, फाट्यावर उतरायचं, रानातून चालत धबधबा गाठायचा आणि संध्याकाळच्या एसटीने घरी. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि पाणी अजून भरपूर असतं, म्हणून तो रविवार. आधीच्या आठवड्यात त्या स्वतः जाऊन वाट बघून यायच्या. कुठे निसरडं आहे, ओढा कुठून ओलांडायचा, सगळं पाड्यावरच्या लोकांना विचारून यायच्या.

आमच्या ह्यांच्या कपाळाला आठी. "रानात बायका एकट्या?" इंदूताई दारातच उभ्या होत्या. "एकट्या कशा? नऊ जणी आहोत की." बाकी घरांतूनही असाच सूर होता. पण एक्स्चेंजमध्ये दिवसभर चिडलेल्या माणसांना थोपवून धरणारी बाई ती. आवाज न चढवता एकेका नवऱ्याला त्यांनी गप्प केलं. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

खरी अडचण वेगळीच होती. माझ्या सासूबाईंना यायचं होतं. साठी उलटलेली, अंगाने भारी, जिना चढताना मध्ये दोनदा बसणाऱ्या. धबधबा त्यांनी फक्त कॅलेंडरवर बघितलेला. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या, म्हणजे मी त्यांना समजावावं. संध्याकाळची एसटी चुकली तर फाट्यावर रात्र काढावी लागली असती आणि पुन्हा कुठल्या घराने बाईला पाठवलं असतं? पण इंदूताईंनी एकच नियम सांगितला, "सगळ्यात हळू चालणारी पुढे. तिला कुणी ओलांडायचं नाही. मी सगळ्यांच्या मागे."

झालं. सासूबाई पुढे, आम्ही मागे, अशी आमची वरात निघाली. मंदा मागे चडफडत होती. मंदा शाळेत कबड्डी खेळलेली, तिचे पाय शिवशिवत होते. "ताई, असं चाललो तर बस गेलीच म्हणून समजा." इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "बसचा हिशेब मी ह्यांच्या चालीवर केलाय, तुझ्या नाही." आणि मग मागून त्यांचा खणखणीत आवाज, "लाइन चालू आहे?" सगळ्यात पुढून सासूबाई धापा टाकत, "चालू आहे गं बाई."

त्यांची चाल इंदूताईंना कशी ठाऊक, हे मला वाटेत उमगलं. गेला महिनाभर त्या सासूबाईंना "सोबतीला चला" म्हणून पांडवलेण्याला घेऊन जायच्या. मला वाटायचं, देवधर्म चाललाय. त्या पायऱ्यांवर त्यांनी सासूबाईंची चाल जोखली होती, आणि थोडी वाढवलीही होती.

आम्ही पोहोचलो. सासूबाई खडकावर बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि एकही हंडा भरायचा नाही." आम्ही हसलो. इंदूताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

बसही मिळाली. पुढे दरवर्षी जात राहिलो. सासूबाई गेल्या, मंदाचे केस पांढरे झाले, मुली यायला लागल्या. इंदूताई निवृत्त झाल्या आणि मग त्यांचे गुडघे गेले. त्या वर्षी म्हणाल्या, "मी नाही येत. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा." मी आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, त्यांची पिशवी भरली आणि करंगळीला अडकवून उचलून दाखवली. त्या कुरकुरत का होईना, आल्या.

फाट्यावर उतरल्यावर त्या सवयीने मागे जायला लागल्या. मंदाने दंडाला धरून पुढे आणलं. अर्ध्या वाटेवर त्या एका दगडावर बसल्या. "तुम्ही व्हा पुढे. मी इथे थांबते. उगाच बस चुकवाल." कुणी हललं नाही. सगळ्यात आधी मंदा खाली बसली, म्हणाली, "मी पण दमले." धडधडीत खोटं. मग एकेक करत सगळ्या बसल्या.

"अगं, बस चुकेल," इंदूताई चिडून म्हणाल्या.

"बसचं सोडा," मी म्हणाले. "गावातली जीप सांगून ठेवलीय. तिची वेळ तुमच्या चालीवर ठरवलीय."

"माझी चाल तुला काय माहीत?"

"महिनाभर भाजी आणायला कुणाबरोबर जात होतात?"

सकाळी कोथिंबीर, संध्याकाळी लिंबं, आणि दर वेळी थोडा लांबचा रस्ता. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"चोरटी," त्या म्हणाल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मंदाच्या खांद्यावर हात टेकून उठल्या आणि पुढे चालायला लागल्या.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आम्ही अजून जातो, आणि रानातली ती वाट आली की मला त्यांची त्या दिवशीची पाठ दिसते. कंबरेला खोचलेला पदर, हातात काठी, आणि मागे आम्ही सगळ्या त्यांच्या चालीने. त्या दिवशी सगळ्यात मागे मी होते.

"लाइन चालू आहे?" मी ओरडले.

पुढून आवाज आला, तोच, खणखणीत. "चालू आहे."