चौकटीबाहेरच्या चौघी

माझ्या मावशीला सगळे 'शिडी' म्हणतात. कुठल्याही दारातून आत येताना ती मान खाली घालते. लाजून नव्हे, कपाळ फुटू नये म्हणून. लाजणं तिच्या स्वभावातच नाही. ती लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभी राहून, टॉर्च दातांत धरून, वरच्या मशीनखोलीतल्या जोडीदाराशी ती ओरडून बोलते. "वर घे! अजून थोडी! थांब! थांब म्हटलं ना, बहिऱ्या!" हा जोडीदार तिच्याहून दहा वर्षांनी मोठा आहे आणि त्याला नीट ऐकू येतं.

तरुणपणी ती बास्केटबॉल खेळायची. आमच्या क्लबच्या भिंतीवर पाटी आहे. तिच्यावर बायकांच्या स्पर्धेतले आजवरचे सर्वाधिक गुण लिहिले आहेत आणि ते मावशीचे आहेत. त्याच भिंतीखाली कपाट आहे, त्यात बायकांच्या संघाची एकही ढाल नाही. मावशीच्या काळात क्लब तीनदा फायनलला गेला आणि तीनदा हरला. तिन्ही वेळा लिंबूच्या संघाकडून.

लिंबू म्हणजे बुटकी, गोल, पुढे औषधांचं दुकान काढलेली बाई. तिच्या गुणांची बेरीज कुणाला आठवत नाही, कारण आठवण्याइतकी ती नाहीच. पण ढाली इतक्या की दुकानातल्या वरच्या फळीवर खोकल्याच्या बाटल्यांमागे त्यांना जागा करावी लागली.

या दोघींत मोठी कोण, हा वाद आमच्या भागात माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. केशकर्तनालयात गेलात तर अर्धं डोकं होईपर्यंत तुम्हाला बाजू घ्यावी लागते.

"शिडी नसती तर क्लब फायनलच्या वाटेला तरी गेला असता का?" केस कापणारा म्हणतो.

"शिडी होती म्हणूनच हरला," बाकावरचा म्हणतो. "तिच्या हातात चेंडू म्हणजे मुदत ठेव. मधे परत मिळायचा नाही."

हा वाद इतके दिवस फुकट होता. यंदा क्लबच्या मुलींचे प्रशिक्षक निवृत्त झाले आणि त्या जागेसाठी मावशीने नाव दिलं. लिंबूनेही दिलं. मावशीला ही एकच गोष्ट कित्येक वर्षं हवी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी ती क्लबच्या कट्ट्यावर बसून मुलींचा सराव बघायची आणि घरी येऊन भाजी चिरता चिरता त्यांच्या चुका सांगायची.

क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं आणि सवयीने खुर्चीकडे हात केला. मी उभाच राहिलो.

"तू ते आकड्यांचंच काम करतोस ना? मग दोघींचं काय ते एका पानावर मांडून दे. आमची भांडणं मिटतील."

"डॉक्टर, ती माझी मावशी आहे."

"आकड्यांना मावशी नसते," ते म्हणाले.

मी हुरूपाने कामाला लागलो. जुन्या सामन्यांचे गुणतक्ते क्लबने जपून ठेवले होते. पहिल्या संध्याकाळी मावशी सहज जिंकली. दर सामन्यात संघाच्या जवळजवळ निम्म्या गुणांवर तिचं नाव होतं. दुसऱ्या संध्याकाळी मला दिसलं की ज्या सामन्यांत तिने भरपूर गुण केले, त्यांतले बरेचसे क्लब हरला होता. म्हणजे बाकावरचा बरोबर? मग वाटलं, संघ मागे पडला की तिलाच जास्त मारावं लागत असणार. आजारी माणूस औषध जास्त घेतो, म्हणून औषधाने आजार होतो असं कुणी म्हणत नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी हेच उलटं करून पाहिलं, ती जास्त मारते म्हणून संघ मागे पडतो, आणि तेही खरं वाटलं. कामावर मी पुलांवरच्या भाराची गणितं करतो. तिथे पूल निदान एका बाजूला तरी वाकतो.

"काय म्हणतंय तुझं मशीन?" मावशीने विचारलं.

"दोन्ही म्हणतंय."

"मग त्याला बंद करून परत चालू कर. आम्ही लिफ्टला तेच करतो."

शेवटी काकांनी माळ्यावरून सीडींचं खोकं काढलं. मावशीचे यजमान, आमचे काका, जन्मभर लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत आले. लग्नाआधी मावशीचे सामने त्यांनीच चित्रित केले होते. टेप त्यांनी कधीच सीडींवर उतरवून ठेवल्या होत्या, पण मावशीने एकही पाहिली नव्हती. हरलेला सामना परत कोण बघतं?

"यात सगळं आहे," काका अभिमानाने म्हणाले. "पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत."

आम्ही तिघे पडद्यासमोर बसलो. शेवटची फायनल लावली. पाच मिनिटांत माझ्या ध्यानात आलं की घोटाळा झालाय. पडद्यावर फक्त मावशी होती. चेंडू तिच्याकडे असो वा नसो, ती धावली की कॅमेरा धावत होता. ती गुडघ्यावर हात टेकून श्वास घेत होती, केस मागे सारत होती, बुटाची नाडी बांधत होती. तिकडे चेंडूचं काय चाललंय ते नुसतं ऐकू येत होतं.

"काका, बाकीचा संघ कुठाय?"

"बाकीचा?" काका गोंधळले. "अरे, लग्नात आम्हाला शिकवलेलं असतं, काही झालं तरी नवरी चौकटीबाहेर जाता कामा नये."

"मी नवरी होते का?" मावशी कडाडली.

"झालीस की नंतर," काका पुटपुटले.

मला हसू फुटलं. मावशीला नाही. ती पडद्याच्या जवळ सरकली होती. शेवटचे क्षण चालू होते. क्लब एका गुणाने मागे. मावशीकडे चेंडू, अंगावर दोघीजणी, त्यातली एक लिंबू, मावशीच्या कोपराखालून हात घालणारी. मावशी उडाली, शॉट मारला, चेंडू चौकटीबाहेर गेला आणि आवाजावरून कळलं की हुकला. पण तिने मारण्याच्या आधी पडद्याच्या उजव्या कडेला एक हात वर आला होता. नुसता हात, कोपरापर्यंत. मनगटावर आमच्या क्लबच्या रंगाची पट्टी असलेला.

"मागे घे," मावशी म्हणाली. मी घेतलं. "परत."

तो हात मागणारा होता का? ज्या मुलीचा तो, ती मोकळी होती की तिच्याही अंगावर कुणी होतं? काकांच्या चौकटीत ते नव्हतं.

"मला दिसलाच नव्हता," मावशी म्हणाली. मग स्वतःच पुन्हा मागे घेऊन, "की दिसला होता?"

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या संघातल्या मुलींना फोन लावले. मुली म्हणजे आता पन्नाशीच्या बायका. पहिली म्हणाली, "हात माझाच, शिडे! मी बास्केटखाली एकटी उभी होते, ओरडून घसा बसला. तू कधी बघितलंस कुणाकडे?" आणि हसली. मावशी हसली नाही. दुसरी म्हणाली, "छे गं, तो हात माझा. पोटरीत गोळा आला होता, मला बाहेर घ्या म्हणून सांगत होते. चेंडू दिला असतास तर मी तिथेच बसले असते." तिसरी म्हणाली, "तू मारलास ते बरंच केलंस. आमच्यापैकी कुणाला तो चेंडू नकोच होता." चौथीने आधी विचारलं, कुठली फायनल?

"नाव मागे घेते," मावशीने त्या संध्याकाळी जाहीर केलं. "मीच हरवलं असेल तर मी पोरींना काय शिकवणार?"

"आणि हरवलं नसेल तर?" काकांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना! तुम्ही जरा मागे उभं राहून शूटिंग केलं असतं तर आज कळलं असतं!"

काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि कुणी न मागितलेला चहा करायला लागले.

मग मावशी मला घेऊन थेट लिंबूच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. लिंबूने काउंटरवरून मान वर करून मावशीकडे पाहिलं.

"डोकेदुखी का?" तिने विचारलं.

"तूच आहेस," मावशी म्हणाली. "खरं सांग. त्या शेवटच्या शॉटला मी पास द्यायला हवा होता का?"

लिंबूने गोळ्यांची पाकिटं नीट लावली. "आम्ही दोघी तुझ्या अंगावर होतो, म्हणजे तुमची एक कुणीतरी मोकळी असणारच."

मावशीचा चेहरा उतरला.

"पण आम्ही तिला मुद्दाम सोडली होती," लिंबू पुढे म्हणाली. "ती मारूच शकत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. तुझा शॉट दोघींतूनही तिच्यापेक्षा बरा. आम्ही मनात म्हणत होतो, पास दे, पास दे."

"मग मी बरोबर होते?"

"हुकलीस ना?" लिंबू चिडली. "आणि मला काय विचारतेस? तुला लोक म्हणतात, गुण केले पण जिंकली नाही. मला म्हणतात, जिंकली पण केलं काय? माझी स्वतःची सून विचारते, आई, तुम्ही खेळायचात की नुसत्या सोबत जायचात? तुझ्या संघात मी असते तर एक तरी फायनल दिसली असती का, कुणास ठाऊक. माझ्या बाजूला चार चांगल्या होत्या."

आम्ही खोकल्याची एक बाटली घेऊन बाहेर पडलो. खोकला कुणालाच नव्हता. नाव मागे घेण्याचं मावशी पुन्हा बोलली नाही.

मुलाखतीला मी माझं पान घेऊन गेलो. डॉक्टरांनी ते वरून वाचलं, खालून वाचलं. "यात उत्तर कुठाय?"

"नाहीये," मी म्हणालो.

मग त्यांनी मावशीला विचारलं, "अटीतटीच्या वेळी मुलीने काय करावं? स्वतः मारावं की पास द्यावा?"

मावशीने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा तिच्या डोक्यापासून फार दूर नव्हता. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आधी वाटायचं, माहीत आहे."

तोच प्रश्न लिंबूला विचारला. ती फटकन म्हणाली, "पास." नंतर तिने मला सांगितलं, ते तिलाही माहीत नव्हतं, पण दुकान उघडायची वेळ झाली होती.

जागा लिंबूला मिळाली. केशकर्तनालयात बाकावरच्याने सगळ्यांना चहा पाजला. मावशी घरी येऊन "बरं झालं, दगदग वाचली" असं इतक्या वेळा म्हणाली की काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. कट्ट्यावर जाणं तिने बंद केलं. सुट्टीच्या दिवशी ती घरातली चांगली चालणारी कुलपं उघडून त्यांना तेल घालू लागली.

पंधरवड्याने लिंबूचा फोन आला. "शिडे, इथे एक पोर आहे. चेंडू मिळाला की कुणाला देत नाही. आणि दहातले सात आत टाकते. मी तिला काय सांगू?"

"तू प्रशिक्षक आहेस."

"ते मला माहीत आहे. सांगू काय?"

मावशीने फोन ठेवला, चपला घातल्या आणि "जरा बघून येते" म्हणाली. मीही मागोमाग गेलो. सराव सामना संपत आला होता. ती उंच पोर कोपऱ्यात चेंडू घेऊन उभी होती, समोर हात पसरून एकजण, पलीकडून दुसरी धावत येत होती. लिंबू रेषेवर उभी होती. मावशी धापा टाकत तिच्या शेजारी पोहोचली आणि दोघी एकाच वेळी ओरडल्या.

"दे!" मावशी ओरडली.

"मार!" लिंबू ओरडली.

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिलं. पोरीने चेंडू छातीशी धरून आधी हिच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, परत हिच्याकडे. पंचाने शिट्टी वाजवली. चेंडू इतका वेळ धरून ठेवता येत नाही.