पहाटे मागतलेली लाईन

देवरावदादा लाइनमन आहे अन् मी सबस्टेशनवर ऑपरेटर. मुकुटबनच्या आजूबाजूच्या बारा गावांत जो लाईट जाते, तो माह्या हातानं जाते, म्हून लोक शिव्याबी मलेच देतात. देऊ द्या बापा. पण आमच्या धंद्यात एक कायदा आहे, तो आधी सांगून ठेवतो. लाइनमनले खांबावर चढाचं असलं का तो मले फोन करून लाईन मागते. मी बंद करतो. मंग कलेक्टर आला तरी मी ती चालू करत नाई. ज्यानं मागतली त्यानंच खाली उतरून "दे आता" म्हणाचं, अन् त्याचा आवाज मले ओळखू आला पाह्यजे. तेवढ्याच भरवशावर माणूस वरं तारेले हात लावते.

तरीबी बाबूसिंग गेला. देवरावदादाच्या जोडीचा माणूस. लाईन मीच बंद केलती, पक्की बंद होती. पण एका लग्नघरी जनरेटर आणलेलं. त्याईनं मेन स्विच पाडलाच नाई, तसंच सुरू केलं, अन् तो करंट घरातून उलटा खांबावर चढला. बाबूसिंग वरंच चिकटला. मांडवात गाणे चालू होते, अन् देवरावदादा खाली उभा राहून पाहून राह्यलता. तवापासून तो माणूस हसता हसता मधातच थांबते.

त्याचा एकुलता एक पोट्टा इंद्रजित. हुशार, अन् डोक्यात काय चाललं ते बापालेबी न सांगणारा. बारावीनंतर पुण्याले एनडीएत गेला, तिथून देहरादूनले. मागच्या डिसेंबरात सुट्टीवर आला तवा त्याचं शेवटचं सत्र राह्यलं होतं. आमाले वाटे, फौजेत गेला म्हंजे बॉर्डरवर उभा राहीन. तो म्हणे, "तसं नसते काका. परत गेलो का कोण्या शाखेत जाचं ते सांगा लागते." हेलिकॉप्टर चालवाची परीक्षा अन् डोळ्या-कानाची तपासणी तो पास झालता. पण मन दुसरीकडंबी ओढत होतं. पॅरा कमांडो. पाच-सहा जणांनी अंधारात कुठंतरी उतराचं, काम करून याचं, अन् कुठी गेलतो ते घरी सांगाचं नाई.

मथुरावहिनीचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. चहा देता देता तिनं विचारलं, "हेलिकॉप्टरवाला कामावरून राती घरी येते ना?"

"बहुतेक येते, आई."

"मंग तेच घे. अजून काय विचार करून राह्यला?"

देवरावदादा ओसरीत बूट घालत होता. तो म्हणे, "वरं जाऊ नोको."

आमी सगळ्याईनं त्याच्याकडं पाह्यलं. एवढं बोलणारा माणूस नाई तो. पण त्या दिवशी बोलला. म्हणे, "वरं गेला का जीव खालच्याच्या हातात. कोणं नट कसला, कोणं नाई कसला, तुले कायी माहीत नाई. बाबूसिंगले कुठी माहीत होतं? खाली माणूस आपल्या डोळ्यानं पाहून पाय टाकते. जे काय कराचं ते जमिनीवर राहून कर."

वहिनीनं कप असा आपटला का बशी फुटली. "बाप आहे का कोण आहे हा," म्हणे, "पोट्ट्याले बंदुकीपुढं पाठवून राह्यला." इंद्रजितनं बशीचे तुकडे उचलून घेतले. पण तो ऐकत होता, मले दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून पोट्टा उजाडाच्या आधी निघे. पाठीवर रेतीची पिशवी, हातात कंपास, फोन घरी ठेवलेला. रस्ता सोडून सरळ वावरांतून, नाल्यातून, तुरीतून जाये अन् ऊन पडल्यावर परत ये. वहिनीले वाघाचं भ्या वाटे. आमच्याकडं ते खोटं नाई, फॉरेस्टवाले दर आठवड्याले भोंगा घेऊन सांगून जातात. देवरावदादाले मात्र वाघाचं कायी नाई. त्याले तारेचं भ्या होतं. हरभऱ्यात डुकरं येतात म्हून कास्तकार धुऱ्यानं, वावराच्या बांधाबांधानं, उघडी तार लावतात, वरच्या लाईनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. दिवसा देवरावदादा आकडे काढे, राती लोक पुन्हा टाकत. मोठा पाटील असो का मजूर, सगळे त्याच्यावर खार खाऊन.

सगळ्यात हट्टी भगवानराव. देवरावदादाचा सख्खा चुलतभाऊ. गावाची लाईन त्याच्याच वावरावरून जाते, म्हून त्याले आकडा टाकाले बांबूबी लहानच लागे. दादा सोता त्याच्या घरी गेला, मी संगं होतो. दादानं त्याचे हात धरले. म्हणे, "भाऊ, पोट्टा जाईपर्यंत लावू नोको. मंग तू वावर जाळ, मी पाहाले येणार नाई."

"माहा पुतण्या नाई का तो?" भगवानराव म्हणे. "नाई लावत, जाय." अन् खरंच त्यानं लावली नाई. डुकरांनी अर्धा हरभरा उकरून टाकला, तरी नाई लावली. हे त्याच्या बाजूनंबी सांगा लागते.

इंद्रजित परत जाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माही रातपाळी संपाले आलती. बाहेर धुई एवढी का फाटकावरचा दिवा दिसेना. फोन वाजला.

"भारत, फीडर बंद कर. आपल्या गावाकडचा."

आवाज देवरावदादाचा होता, पण मले ओळखाले वेळ लागला. मी स्विच पाडला अन् मंग विचारलं, "कोण्या खांबावर आहे, दादा?"

"खांबावर नाई. भगवानरावनं राती आकडा टाकला. पोट्टा चार वाजताच निघाला म्हून मथुरा सांगते."

झालं असं का सांजीच भगवानरावले तापानं घेरलं. त्यात डुकरं आल्याचा निरोप आला. चिडून उठला, आकडा टाकला, घरी येऊन गोधडीत पडला. पहाटे घाम सुटून ताप उतरला तवा त्याले आठवलं का पोट्टा अजून गेला नाई. धावत देवरावदादाच्या दारात आला अन् तिथंच बसला.

मंग आमाले थांबाशिवाय कायी काम नोतं. दादा मोटारसायकल घेऊन वावराकडं गेला, आकडा काढाले अन् पोट्ट्याले शोधाले. माह्याकडं फोनवर फोन. चक्कीवाला, सरपंच, मंग साहेब. साहेब म्हणे, "कोणाच्या परवानगीनं बंद आहे?" मी म्हटलं, लाइनमननं मागतली आहे. "मंग चालू कर, बिघाड तर कायी दिसत नाई." मी म्हटलं, साहेब, ज्यानं मागतली त्याचा आवाज आल्याबिगर होणार नाई. त्या पोट्ट्याले मी अंगाखांद्यावर खेळवला आहे.

उजाडलं. धुई उठाले लागली. फोन आला.

"दे आता," देवरावदादा म्हणे. बस, एवढंच.

मी स्विच चढवला अन् पाळी सोडून थेट त्याच्या घरी गेलो. इंद्रजित ओसरीत बसून पायातले काटे काढून राह्यलता. वहिनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, थांबतच नोती. भगवानराव कोपऱ्यात, मान खाली. मी म्हटलं, वाचला राजा, बरं झालं दादाले येळेवर कळलं.

देवरावदादानं माह्याकडं पाह्यलं. "इचार त्याले," म्हणे.

इंद्रजित म्हणे, "तार मले दिसली, काका. धुऱ्याजवळ एक डुक्कर मरून पडलं होतं, अंग गरमच होतं. मी खाली बसलो, तार शोधली, अन् ओलांडून गेलो."

"मंग?"

"ओलांडली तवा बाजूच्याच देवळावरचा दिवा चालू होता. मंग टेकडीवर धुईच्या वरं निघालो, तवा खाली सगळ्या गावाचा उजेड इझला."

मले समजाले वेळ लागला. मी लाईन बंद केली, तवा पोट्टा तारेपलीकडं गेलताच. बापानं जीव खाऊन मागतलेली लाईन त्याच्या कायीच कामी आली नोती. जित्या तारेवरून त्याचा पाय गेला अन् आमाले कोणालेच पत्ता नोता.

देवरावदादा पोट्ट्यापुढं जमिनीवर बसला. असा बसलेला मी त्याले कधी पाह्यला नोता. म्हणे, "इंद्रा, हेलिकॉप्टर घे. मी चुकीचं बोललो. तू वरं जाय."

इंद्रजितनं पायातला काटा ओढून काढला. मंग म्हणे, "बाबा, तुमचंच बरोबर होतं. खाली माणूस पाहून पाय टाकते. आज टाकला ना मी?"

वहिनी उठून आत गेली. ती मंग जेवाच्या वेळेपर्यंत बाहेर आली नाई.

जूनमंधी इंद्रजित अफसर झाला. आमी टीव्हीवर परेड शोधत बसलो, तो कायी सापडला नाई. मंग कमांडोंची ती कठीण परीक्षाबी त्यानं काढली. गावात पेढे वाटले, भगवानरावनं वाटले. आता पुन्हा तुरी उभ्या आहेत अन् दिवाळीपासून पोट्ट्याचा फोन नाई. शेवटच्या फोनवर तो आईले एवढंच म्हणे, "कायी दिवस बोलणं होणार नाई, काळजी करू नोको." कुठी आहे, कवा येईन, कोणाले इचारावं, कायी नाई.

भगवानरावनं आकडा मोडून टाकला. पण देवरावदादाचा फोन माह्या रातपाळीले रोज पहाटे येते, त्याच वेळेले.

"लाईन आहे का, भारत?"

"आहे, दादा."

मंग तो बोलत नाई अन् फोनबी ठेवत नाई. मलेबी ठेववत नाई. काल मले राहवलं नाई. मी म्हटलं, "दादा, बंद करू का थोडा वेळ?"

समोर बारा गावांचे स्विच, खाली नावं लिहिलेले. माहा हात आपल्या गावाच्या स्विचवर गेलताच.

"कोणती करशीन?" देवरावदादा म्हणे.