राणीचा आवाज

"आत्या, अप्पा गेले," एवढंच पुतणी फोनवर बोलली आणि रडायला लागली. औरादला पोचेपर्यंत मीही रडत होते. तिचे अप्पा म्हणजे शिवराजअण्णा, माझा चुलतभाऊ. आज लिहिताना मात्र डोळे कोरडे आहेत... राग आहे, तो लपवत नाही.

बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजकडून अण्णानं जुनं यंत्र आणि एक विलायती मूकपट मिळवला होता. गाजलेल्या साहसकथेवरचा. तलवारबाज शिपाई, कपटी मंत्री, संकटातली राणी. जत्रेत पडदा लावायचा आणि शेजारी उभं राहून सगळ्यांचं बोलणं अण्णाच म्हणायचा, अर्धं मराठी, अर्धं कन्नड, शिव्या तेवढ्या दखनीत. राणी आली की त्याच्या घोगऱ्या गळ्याला लोक हसायचे. म्हणून त्यानं मला नेलं. आमच्या घरच्या पोरीनं जत्रेत चारचौघांपुढं बोलायचं म्हणजे आभाळच कोसळायचं. "पडद्यामागं बस. आवाज कळू दे लोकायला, तोंड कामून दाखवायचं?" म्हणाला. मागून चित्र उलटं दिसे. तो शूर शिपाई माझ्यासाठी कायम डावखुराच राहिला. मेहकरच्या जत्रेत बाया राणीसाठी डोळे पुसायच्या आणि मी मागं तोंडात पदर धरून खुशीनं हसायचे.

"लोक इचारायलेत, राणी कोण म्हनून," अण्णा सांगायचा. "काकाला कळलं तर तुला घरात कोंडतेत. ते हायेत तवर गप ऱ्हा. मग मीच सांगतो समद्यायला."

बाबांना जाऊन कैक वर्षं झाली. दर दिवाळीला मी विचारायचे आणि अण्णा म्हणायचा, "सांगतो की गं." मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर ठेवला नसता एवढा.

गेल्या महिन्यात शोकसभेत त्याच्या एका मुलाखतीची चित्रफीत दाखवली. "राणीचं कोण बोलायचं?" शहरातल्या बाईंनी विचारलं. अण्णा हसला, नेहमीसारखाच गोड. "मीच की! बाईचा आवाज असा काढायचो, कुणाला पत्ताच लागायचा न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच...

मग तोच मूकपट लावला, नुसता, बोलण्याविना. राणी शिपायाला निरोप द्यायला आली, तिचे ओठ हलले आणि मला राहवलं नाही. बसल्या जागेवरून मी मोठ्यानं म्हटलं, "माझं गुपित तुझ्याजवळ आहे, वीरा. जिवंत परत ये."

शेजारी बसलेल्या वहिनींनी, अण्णाच्या बायकोनं, माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हुबेहूब ह्यांच्यावानी बोललीस!"