एकपट फ्यूज

दुप्पटभाई आधी शिव्या द्यायचे आणि काम काय आहे ते नंतर विचारायचे. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चढलं की आतून आवाज यायचा, "काय जाळून आनलंस?" आणि बहुतेक वेळा त्या गिऱ्हाइकाने खरोखरच काहीतरी जाळून आणलेलं असायचं. लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दुकानांच्या मागच्या बाजूला त्यांची एक खोली होती. विजेच्या मोटारींच्या तारा गुंडाळणं, रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करणं, बंगलेवाल्यांचे पंखे दुरुस्त करणं, असली कामं तिथे चालत. त्यांचं खरं नाव शमशुद्दीन. ते आमच्याच औंढे गावचे, पण गावातसुद्धा त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

दुप्पट हे नाव पडलं ते त्यांच्या एका हट्टापायी. कुठलीही वस्तू निवडायची तर लागते त्याच्या दुप्पट ताकदीची निवडायची. दहा अँपिअर वाहणार असतील तर वीस पेलणारी तार. शाळेच्या मास्तरांनी एकदा व्हरांड्यात एक दिवा लावून मागितला, तर यांनी असली जाड तार ओढली की मुलं तिच्यावर कपडे वाळत घालायला लागली. मास्तर कुरकुरले. दुप्पटभाई म्हणाले, "तारेच्या डब्यावरचा आकडा कोरड्या मुलखातला हाय, मास्तर. हितं आषाढात भिंतीबी घाम गाळत्यात." यात काही खोटं नव्हतं. आमच्याकडे धुकं दारातून आत येऊन बसतं, आणि पेटीतल्या धोतराला बुरशी येते तशी ती तारेच्या कापडी वेष्टणालाही येते.

रेल्वेच्या गाड्या विजेवर धावू लागल्या तेव्हा ते सबस्टेशनात कामाला होते. तारेतून येणारी वीज सारखी मागे-पुढे होत असते, ती एका दिशेने वळवून गाडीला द्यायची, हे तिथलं काम. साहेबाशी भांडून नोकरी सोडली, पण वीज सरळ करण्याचं वेड काही सुटलं नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लोणावळ्यात थिएटर उभं राहिलं तेव्हा त्याचे मालक त्यांच्याकडेच गेले. प्रोजेक्टरमध्ये कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये दिवा पेटतो, आणि तो स्थिर जळायला सरळ वीज लागते. तयार यंत्र परदेशातून यायला वर्ष गेलं असतं. दुप्पटभाई म्हणाले, "मी बनवतो. मधी तोंड घालायचं न्हाई." मी त्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचो, त्यामुळे ते यंत्र मी पहिल्या खिळ्यापासून पाहिलं.

निवड करताना त्यांनी सगळ्यांचं रक्त आटवलं. वीज सरळ करणारा पाऱ्याचा काचेचा मोठा फुगा मुंबईहून आला तो त्यांनी परत पाठवला. दिव्याला पुरेसा होता, म्हणूनच परत. मला म्हणाले, "दिवा जळताना काय लागतं ते कुनीबी मोजतं. पेटताना कांड्या एकमेकीला टेकत्यात, तवा किती उसळतं ते बघायचं. माल त्या घडीसाठी घ्यायचा." दुसरा फुगा दुप्पट ताकदीचा आला. ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला, आणि त्यातला ओलावा घालवायला तारेची कॉइलं बाजारातल्या बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवली. पाव निघाल्यावर भट्टीत ऊब राहते त्या उबेत. मग वार्निशात बुडवून पुन्हा भट्टीत. दुसऱ्या दिवशी गावभर नानकटाईला वार्निशाचा वास. बेकरीवाले अब्बास आबा काठी घेऊन आले, तर हे उलट त्यांच्यावरच ओरडले, की तुमची भट्टी एका बाजूने जास्त तापते, माझं कॉइल करपलं असतं.

यंत्र तयार झालं ते कपाटाएवढं. थिएटरच्या दारातून आत जाईना, चौकट काढावी लागली. मालक कपाळाला हात लावून उभे होते. पण फुगा पेटला, खोलीभर निळा-जांभळा उजेड नाचायला लागला, आणि पडद्यावर पांढरा स्वच्छ चौकोन उमटला, तेव्हा मालकसुद्धा हसले. फक्त दुप्पटभाई हसले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून फ्यूजच्या पेटीपाशी नेलं.

सगळं दुप्पट करणाऱ्या या माणसाने फ्यूज मात्र लागतो तेवढाच, एकपट घातला होता. केसासारखी बारीक तार. मी विचारलं, "भाई, ही का बारीक?"

"कुनीतरी पयलं मरायला पायजे, सदू. कोन मरनार ते आपुन ठरवायचं. न्हाई ठरवलं तर यंत्र ठरवतं, आन ते लय म्हागाचं निवडतं." असं म्हणून त्यांनी काड्यापेटीच्या तुकड्यावर गुंडाळलेली तीच बारीक तार माझ्या खिशात कोंबली. "संपली की माझ्याकडं यायचं. दुसरीकडची घालायची न्हाई."

काही वर्षं यंत्र बिनतक्रार चाललं. मग लढाई सुरू झाली आणि माल मिळेनासा झाला. कोळशाच्या कांड्या इतक्या वाईट यायला लागल्या की दिवा पेटवायला त्या बराच वेळ टेकवून धराव्या लागत. तेवढ्यात फ्यूज जायचा. पडदा काळा, खाली शिट्ट्या. मी नवी तार घालून पुन्हा हळूहळू पेटवायचो. मालक केबिनच्या दारात येऊन दात-ओठ खायचे.

त्या श्रावणात मी हिवतापाने औंढ्याला पडून होतो. मालकांनी पुण्याहून एक बदली ऑपरेटर आणला. पहिल्याच खेळाला त्याचे फ्यूज गेले. तेव्हा मालक स्वतः वर आले आणि म्हणाले, "अरे, दुप्पटभाईंचं यंत्र आहे. त्यांच्याकडे सगळं दुप्पट असतं. फ्यूजही दुप्पट कर." त्याने तार पीळ देऊन दुहेरी घातली. शिट्ट्या थांबल्या. मालक खूश झाले. आपण दुप्पटभाईंचीच विद्या वापरली असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका दुपारच्या खेळाला फुग्यात प्रवाह उलटा उसळला. असं पावसाळी हवेत कधीमधी होतं, आणि झालं की बारीक तार वितळून तिथेच गप्प होतं. ही वितळली नाही. फुगा तडकला, पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जळला, केबिनमधून काळा धूर खाली उतरला. माणसं बाकांवरून उड्या टाकत बाहेर पडली. कुणी मेलं नाही, हे नशीब. पण तांब्याची तार त्या दिवसांत कुठेच मिळत नव्हती. थिएटर बंद पडलं.

मी काठी टेकत लोणावळ्याला आलो तोवर बाजारात निकाल लागून गेला होता. दुप्पटभाईंनी दुप्पट तार घालायला लावली आणि थिएटर जाळलं. मालक सांगत होते, बदली ऑपरेटर सांगत होता, ज्यांना भाई आयुष्यभर शिव्या देत आले ते सगळेच आनंदाने सांगत होते. बिघडलेला पंखा घेऊन रात्री-अपरात्री ज्यांनी त्यांचं दार ठोठावलं होतं, तेही. गावाला कुणाचा सूड उगवायचा असला की इतकी एकी कुठून येते कोण जाणे.

बदली ऑपरेटरने एकट्यात मला खरं काय ते सांगितलं, आणि मी दुकानात गेलो. म्हटलं, "भाई, चला मालकांकडे. तुम्ही नाही तर मी तोंड उघडतो." मला वाटलं, आता हे बाजार डोक्यावर घेतील. ते खाली बसून एक जळकं कॉइल उलगडत होते. वेटोळं सुटत होतं आणि काळी पडलेली वार्निशाची खपली मांडीवर पडत होती. मान वर न करता म्हणाले, "ऱ्हाऊ दे." एवढंच. शिवी नाही. मी त्या माणसाला इतका घाबरलो नव्हतो कधी.

गिऱ्हाईक येईनासं झालं. पुढच्या उन्हाळ्यात दुकान आवरून ते शिरगावला लेकीकडे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर होते, धाप लागत होती. लेक, जमिला, पदराने वारा घालत होती. मला पाहून म्हणाले, "सदू, समद्यांना दुप्पट सांगितलं. का ते सांगाया पायजे होतं. ते तुला एकट्यालाच सांगितलं. बाकीचा वेळ शिव्यांत गेला."

मी म्हटलं, "भाई, ज्याला समजून घ्यायचं नव्हतं त्याला तुम्ही गोड बोलून तरी काय समजलं असतं?"

"आसंबी आसंल," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलं नव्हतं. त्यानंतर महिन्याभरात ते गेले. मयतीला लोणावळ्यातून अब्बास आबा आले, मी गेलो. थिएटरकडून कुणी नाही.

लढाई संपल्यावर तयार परदेशी यंत्र आलं, चकचकीत, निम्म्या आकाराचं. थिएटर पुन्हा सुरू झालं आणि मला पुन्हा बोलावलं. फ्यूजची पेटी मी माझ्या हाताने बसवली, आणि काड्यापेटीच्या तुकड्यावरच्या तारेपैकी जी उरली होती ती तिच्यात घातली. मग तांबड्या रंगाचा डबा आणला आणि पेटीच्या दारावर बोटाएवढ्या जाड अक्षरांत लिहिलं: 'ही तार एकच घालायची. – दुप्पटभाई.'

मालक उद्घाटनाच्या पाहुण्यांना घेऊन वर आले. दारावरचं वाचून त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, "सदाशिव, हे पुसून टाक. लोक काय म्हणतील?"

मी कांड्या जुळवत होतो. हातातलं काम सोडलं नाही. "पुसायचं असेल तर तुम्ही पुसा," मी म्हटलं, "पण आधी या पाहुण्यांना सांगा, मागच्या वेळी दोन कुणी घालायला लावल्या."

 मालक पाहुण्यांना घेऊन खाली गेले. अक्षरं अजून तशीच आहेत.