खोलीत असेल त्याचं नाव

किस्से कुणी जमवत नाही, ते साठतात. अमेरिकेत, नॅशव्हिलच्या ज्या छोट्या स्टुडिओत मी टेप मशीनवर बसायचो, तिथे टेपचे रिकामे खोके असेच साठायचे. आज टाकू, उद्या टाकू म्हणता म्हणता अख्खी भिंत झाकून गेली. आता शनिवारच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आमचे बापट डॉक्टर पहिला घास घेण्याआधीच म्हणतात, “हं, तुमच्या त्या रडक्या गाणेवाल्याचं सांगा!” मग एकातून दुसरा निघतो आणि मंडळी हसतात. शेवटचा मात्र मी पॉटलकला सांगत नाही.

हा सगळा प्रकार ऐंशीच्या दशकातला. माझी बायको शैला मिरजेत शिकलेली नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. मी रेडिओ उघडून उघडून स्वतःच शिकलेला माणूस. तेवढ्या भांडवलावर कंट्री गाण्यांच्या, म्हणजे इथल्या साध्या माणसांच्या सुखदुःखाच्या गाण्यांच्या, एका कंपनीत चिकटलो. वरच्या मजल्यावर गीतकार गाणी लिहायचे. खाली मी त्यांचे डेमो, म्हणजे गायकांना ऐकवायच्या कच्च्या टेपा, रेकॉर्ड करायचो. वसंतचा मी तिथे व्हिन्स झालो.

आमचा सगळ्यात यशस्वी गीतकार हॉलिस. उंच, संथ, केंटकीच्या खेड्यातला. त्याची गाणी देशभर वाजायची, पण गाणारे दुसरेच. त्याला रस्त्यात कुणी ओळखत नसे.

*

मला आधी वाटायचं, गाणी सुचतात. इथे त्यांची अपॉइंटमेंट असते! सकाळी दहाला दोघं-तिघं गीतकार एका खोलीत बसतात, दार लागतं आणि काम सुरू.

पहिल्याच आठवड्यात मी हॉलिसला विचारलं, “आज काय काय आहे?”

तो म्हणाला, “दहाला घटस्फोट, अकराला बापाचं मरण. बाराला सँडविच.”

*

त्या खोलीचा एक नियम होता. गाणं होताना खोलीत जो असेल, त्याचं नाव गाण्यावर, बरोबरीनं. एकच शब्द सुचवला तरी, नुसती मान हलवली तरी. कुणाचं किती, हे कधीच मोजायचं नाही. मोजायला लागलं की मैत्री संपते, असं हॉलिस म्हणे.

एकदा त्या खोलीतला, गरम पाण्याच्या पाइपांवर चालणारा हीटर बिघडला. हॉलिस आणि त्याचा जोडीदार कोट घालून लिहीत बसले होते. प्लंबर आला, पाइपाशी वाकला आणि स्वतःशीच पुटपुटला, “हे आणखी एक हिवाळा काढणार नाही.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एका मोडत चाललेल्या लग्नाचं गाणं तयार! हॉलिसनं हट्टानं प्लंबरचं तिसरं नाव घातलं. गाणं गाजलं. मग एका मोठ्या गायकाच्या ऑफिसातून फोन आला, “हा तिसरा गीतकार कोण? आम्हाला त्याला भेटायचंय.”

हॉलिस म्हणाला, “पाठवतो. तुमच्याकडे काय गळतंय?”

*

हॉलिसनं सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली होती, पण आगकाड्यांची पाकिटं सुटली नव्हती. हॉटेलात फुकट मिळणारी ती पुठ्ठ्याची पाकिटं त्याच्या सगळ्या खिशांत असत. त्यांच्या आतल्या बाजूला तो पेन्सिलीच्या तुकड्यानं वाक्यं टिपायचा. आणि बहुतेक वाक्यं जूनची असत. जून त्याची बायको.

भांडण रंगात आलेलं असायचं. जून काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायची. हा गप्प व्हायचा. तिला वाटायचं, लागलं ह्याला! आणि ह्याचा हात खिशात गेलेला असायचा.

“नवऱ्याशी भांडायची सोय नाही,” जून मला म्हणाली होती. “सहा महिन्यांनी तेच भांडण रेडिओवर ऐकायचं, तेही दुसऱ्या बाईच्या आवाजात!”

*

एका संध्याकाळी मी त्या दोघांना न कळवताच घरी जेवायला आणलं. शैलानं हसून स्वागत केलं, आणि मला आत बोलावून मराठीत सुनावलं, “अहो, माणसानं निदान फोन तरी करावा. जेवण काय मी भिंतीला टांगून ठेवलंय?”

दारातून हॉलिसनं विचारलं, “काय म्हणाली ती?”

मी सांगितलं. लगेच त्याचा हात खिशाकडे गेला.

जूननं त्याचं मनगट धरलं. “नाही हॉलिस. हिचं नाही.”

शैलाला भाषांतराची गरज पडली नाही. तेव्हापासून दोघी मैत्रिणी झाल्या.

मी डायरी लिहितो हे कळल्यावर जूननं माझ्याकडेही संशयानं पाहिलं. “तूही?”

“मी मराठीत लिहितो.”

“मग लिही बाबा. रेडिओवर यायची भीती नाही.”

सगळे हसलो. तेवढ्यात ती पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, “हॉलिस, त्या प्लंबरचं नाव रेकॉर्डवर आहे. तो एक सकाळ आला होता. मी लग्न झाल्यापासून आहे. माझं नाव कुठंय?”

हॉलिसला प्रश्नच कळला नाही. कायदा समजावून सांगावा तसा म्हणाला, “ते खोलीत झालं, जून. घर म्हणजे खोली नव्हे.”

बटाट्याची भाजी जूननं दुसऱ्यांदा घेतली, पण ती तशीच पानात राहिली.

*

त्यानंतर तिनं घरात बोलणं बंद केलं. अगदी मुकी झाली असं नव्हे. ज्यातून गाणं निघणारच नाही, एवढंच बोलायचं, असं ठरवलं. टायरमधली हवा बघ. कचऱ्याची गाडी उद्या येणार. दूध संपलंय.

हॉलिसनं ‘दूध संपलंय’चं गाणं केलं!

एक माणूस कामावरून घरी येतो, फ्रिज उघडतो, आणि त्याच्या लक्षात येतं की दूध पिणारी माणसं कधीच निघून गेली आहेत. एवढंच गाणं. डेमो करताना मी काचेच्या अलीकडे होतो, गाणं संपल्यावर टेप थांबवायचंच विसरलो. हॉलिसचं सगळ्यात मोठं हिट तेच.

जूननं ते पहिल्यांदा ऐकलं सुपरमार्केटमध्ये. दुधाच्याच कपाटासमोर उभी होती, आणि वरच्या स्पीकरवर ते सुरू झालं. शेजारची बाई तिला म्हणाली, “काय सुंदर लिहिलंय ना!”

जूननं भरलेली ट्रॉली तिथेच सोडली, गाडीत बसली, आणि थेट केंटकीला बहिणीकडे गेली.

*

हॉलिसची बायको त्याला सोडून गेली, हे ऐकून आमच्या ऑफिसात जो आनंद झाला तो मी विसरू शकत नाही. कंपनीच्या साहेबानं गायकांना फोन लावले, “जरा थांबा, कुणाची गाणी घेऊ नका. आता हॉलिस लिहिणार!”

हॉलिस रोज दहाला येऊन बसायचा. काही लिहायचा नाही. जोडीदार बदलून पाहिले. एकानं हौसेनं विचारलं, “जाताना काय म्हणाली रे ती?”

“काही नाही,” हॉलिस म्हणाला.

“हेच धर! ‘काही नाही!’”

हॉलिस उठून खाली माझ्याकडे आला. मी मशीन पुसत होतो, ते बघत तो उभा राहिला. म्हणाला, “मी कधी लिहीतच नव्हतो, व्हिन्स. उतरवून घेत होतो.”

*

जून परत आली ती आजारी होऊन, थेट शैलाच्या वॉर्डात. आता फार दिवस नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. ती शैलाशी भरपूर बोलायची. टोमॅटोबद्दल, बहिणीच्या कुत्र्याबद्दल, आणि आणखी कशाकशाबद्दल. हॉलिस आत गेला की भिंतीकडे तोंड करायची. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसून राहायचा.

मला म्हणाला, “तुझ्या बायकोला विचार ना. काय बोलते ती? एखादं वाक्य तरी.”

मी घरी शैलाला विचारलं.

“अहो, पेशंटचं बोलणं मी घरी आणत नसते,” ती म्हणाली. “आणि त्यांना म्हणावं, खिसे रिकामे करून आत जा.”

मी हॉलिसला तसंच सांगितलं, शब्दाचाही फरक न करता.

*

पुढचं शैलानं पाहिलेलं.

दुसऱ्या दिवशी हॉलिस दाराशी थांबला. कोटाचे, शर्टाचे, पँटचे सगळे खिसे त्यानं शैलाच्या ट्रेमध्ये उलटे केले. पाकिटांचा ढीग झाला, त्यावर पेन्सिलीचा तुकडा. खिशांची अस्तरं बाहेर लोंबत असतानाच तो आत गेला. जूननं ती अस्तरं पाहिली, आणि शैलाला म्हणाली, “दार लावून घे, हनी.”

बराच वेळ ती दोघं आत होती. एकदा हसण्याचा आवाज आला, तो कुणाचा हे शैलाला कळलं नाही. हॉलिस बाहेर आला तेव्हा शैलानं ट्रे पुढे केला. तो न बघताच पुढे निघून गेला.

त्याच आठवड्यात जून गेली.

फ्यूनरलनंतरच्या सोमवारी, दहाच्या ठोक्याला, हॉलिस गिटार घेऊन स्टुडिओत आला. “टेप लाव, व्हिन्स.”

वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. साहेबही आला. मी मशीन सुरू केलं आणि काचेतून खूण केली.

हॉलिसनं गिटार मांडीवर घेतली. तारांवर हात ठेवला, तो तसाच ठेवून बसला. तोंड उघडलं नाही. जिन्यातली माणसं हळूहळू वर गेली. शेवटी रीळ संपलं आणि टेपचं सुटं टोक फटफट वाजायला लागलं, तेव्हा तो उठला.

“लेबल लाव,” म्हणाला.

शैलानं त्याला द्यायला पाठवलेला पेन्सिलीचा तुकडा माझ्या खिशात होता. मी तो पुढे केला. त्यानं घेतला नाही. म्हणून त्याच पेन्सिलीनं लिहायला बसलो.

“गाण्याचं नाव?”

“ती जागा रिकामी सोड.”

“गीतकार?”

“दोन नावं,” हॉलिस म्हणाला. “पहिलं जूनचं. खोलीत होती ती.”