झाडाचं नाव

“बशीत मेला, भाऊ. माणसात मरेल का, माहीत नाही.”

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मॅडमच्या तोंडी हे वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं. बशी म्हणजे काचेची, चपटी, झाकणाची. तिच्यात पेशी वाढवायच्या, त्यांना विषाणू लावायचा आणि झाडपाल्यातून काढलेल्या द्रव्याचा थेंब सोडून विषाणू मरतो का ते बघायचं. तारनाक्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत पाल्यातून ते द्रव्य वेगळं काढायचं काम मॅडमचं. मी स्टोअरला. काच, रसायनं, पाल्याची पोती, सगळं माझ्या हातून आत जायचं.

खुर्ची न सोसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडम चहा उभ्यानं प्यायच्या, डबा उभ्यानं खायच्या. मध्येच “थांबा हं” म्हणत आत पळायच्या आणि इकडे भाकरी वाळून जायची. त्यांचे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीला इथे आलेले, त्या मात्र इथल्याच. सकाळी दारातूनच हाक यायची, “जयभीम, भाऊ! पाला आला का?” बोलणं मराठीत सुरू व्हायचं आणि इथल्या दखनी हिंदीतल्या ‘नक्को’वर संपायचं.

तर एका पाल्यातलं द्रव्य बशीत चाललं. बातमी कँटीनपर्यंत गेली आणि जो तो झाडाचं नाव विचारू लागला. वॉचमन विचारी, शेजारीपाजारी फोन करून विचारत. मॅडम दाद देईनात. “नक्को बाबा. उद्या सगळं शहर उकळून पिईल.”

नाव मला ठाऊक होतं. पोत्यांवर चिठ्ठ्या मीच लावायचो.

माझा मोठा भाऊ शहरातच, जामबागला राहतो. त्याला ताप आला तेव्हा मी फोनवर हळूच नाव सांगून टाकलं. एवढ्यावर थांबलो नाही. पोत्यातला दोन मुठी पाला पिशवीत घालून नेऊन दिला. आतली गोष्ट आपल्याला माहीत असल्याचा तोरा, दुसरं काय! वहिनी काढा करू लागली. दवाखान्याचं नाव काढलं की दादा म्हणायचा, “आपल्याकडे लॅबचं औषध आहे की.”

चौथ्या दिवशी पाला संपला. मी पुन्हा पोत्यात हात घातला आणि मागे मॅडम उभ्या.

“कुणाला?”

“दादाला. ताप आहे.”

“किती दिवस झाले?”

“आज चौथा.”

“ऑक्सिजन मोजला?”

मी मुठीतला पाला परत पोत्यात टाकला.

त्यांनी हातमोजे ओढून काढले आणि स्कूटीची किल्ली घेतली. मी मागे बसलो. जामबागपर्यंत प्रत्येक सिग्नलला त्यांचा पाय रस्त्यावर आपटत होता.

दादा पलंगावर बसून होता. एकेका शब्दानंतर दम घेत बोलत होता. मॅडमनी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं. शहाऐंशी.

“हौले हो गए क्या तुम लोगां? वेड लागलंय का?” त्या ओरडल्या.

वहिनी काढ्याचं पातेलं धरून उभी होती. ती घाबरून म्हणाली, “मॅडम, तुमचंच औषध आहे ना हे?”

मॅडमनी पातेलं तिच्या हातून काढून खाली ठेवलं. मग फोन काढून त्या येरझाऱ्या घालत एकेका दवाखान्याला लावत सुटल्या. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. दादा महिनाभर तिथे होता. वाचला. पण आजही जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतो.

मला वाटलं, आपली नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी मॅडम स्टोअरमध्ये आल्या.

“चूक माझीपण आहे, भाऊ. मी नाव झाकून ठेवलं, म्हणून त्याला एवढा भाव आला.”

“मॅडम, चोरी मी केली.”

“हौ. ती तुमचीच.”

त्या दिवसापासून त्यांनी उलटंच आरंभलं. भेटेल त्याला आपणहून झाडाचं नाव सांगायचं, बशीत काय झालं ते सांगायचं, पोटात गेल्यावर काय होतं ते अजून कुणालाच माहीत नाही, हेही सांगायचं. “ऐकलंत ना? आता पिऊ नका. दम लागला तर दवाखाना गाठा.” सुलतान बाजारातल्या जडीबुटीच्या दुकानांतही त्या जाऊन आल्या. एका दुकानदारानं वैतागून विचारलं, “मॅडम, चलता की नै चलता, एक बोलो!” मॅडम म्हणाल्या, “मालूम नै. येइच बोलने को आई.” मी मात्र ते नाव इथे लिहीत नाही. माझा अजून धीर होत नाही.

पुढे उंदरांवर तपासणी झाली. द्रव्य रक्तात टिकेना, मात्रा वाढवली तर यकृताला सोसेना. काम बंद पडलं आणि त्याबरोबर मॅडमची कंत्राटी नोकरीही संपली. त्या गेल्या. कुणी पुणं म्हणतं, कुणी नागपूर. त्यांचा जुना नंबर लागत नाही.

गेल्या महिन्यात जुना डीप फ्रीजर रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या खणात, बर्फात रुतलेला त्यांच्या कुप्यांचा डबा निघाला. झाकणावर तारखा, आकडे, सगळं इंग्रजीत. खाली एकच ओळ मराठीत. लॅबमध्ये मराठी वाचणारा मी एकटाच, म्हणजे माझ्यासाठीच लिहिलेली:

“हे चाललं नाही. टाकू नका, पुढच्याला कळू द्या.”

बोटं बधिर होत होती. नव्या फ्रीजरमध्ये जागा करून मी तो डबा वरच्याच खणात ठेवला, ओळ समोर येईल असा.